वाजवून घेतलेले दात

आमचं अहमदपूरला भांड्यांचं दुकान. आप्पा, म्हणजे माझे वडील, गिऱ्हाइकाला एकच गोष्ट शिकवायचे: भांडं वाजवून घ्या. घागर डाव्या हाताच्या बोटांवर तोलायची, उजव्या हातानं टिचकी मारायची आणि कान जवळ न्यायचा. चांगलं भांडं टण्ण वाजतं आणि वाजत राहतं. बारीकशी चीर असली तरी बद्द आवाज येतो. दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर अशी एक बद्द घागर मुद्दाम ठेवलेली होती. ती विकायची नव्हती. खोटा आवाज कसा असतो ते दाखवायला होती.

नांदेडहून माल आला की आप्पा एकेक नग वाजवून घ्यायचे, आणि दुकानाबाहेरचं जगही तसंच. दूधवाल्यावर त्यांचा शक, मास्तरांवर शक, एस.टी.च्या वेळापत्रकावर तर फारच. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा गावात पेढे वाटले. आप्पांनी पेढा हातात धरून विचारलं, "जिल्हा झाला म्हंजे नेमकं काय झालं?" वाटणाऱ्याला धड सांगता येईना. आप्पांनी पेढा माझ्या हातावर ठेवला आणि गिऱ्हाइकाकडं वळले.

या माणसानं घरात एकाच माणसाला कधी वाजवून घेतलं नाही, ते म्हणजे मला. आईनं वरणात मीठ घातलंय म्हटलं तरी ते आधी चाखून बघायचे. मी म्हटलं, "घातलंय," की जेवायला सुरुवात. माझ्या प्रगतिपुस्तकावर न बघता सही. "ही सांगती म्हंजे हाय," एवढंच म्हणायचे. मला त्याचा फार तोरा होता, खोटं कशाला बोलू.

तोरा मिरवायला तोंड मात्र नव्हतं. माझे वरचे दात इतके पुढं आलेले की ओठ मिटायचे नाहीत. शाळेत मला किसणी म्हणायचे. "किसणे, खोबरं आणू का?" असं येताजाता. मी हसताना तोंडावर हात धरायची, आणि हात मोकळा नसला तर हसायचीच नाही.

मग दुष्काळ पडला. गल्लीत टँकर यायचा आणि बाया-पोरी तुटून पडायच्या. अशाच एका झुंबडीत कुणाच्या तरी कमरेवरची घागर फिरली आणि सरळ माझ्या दातावर बसली. पुढच्या दाताचा कोपरा उडाला. मी रक्ताळलेलं तोंड घेऊन दुकानात गेले, पाठोपाठ ती घागरवाली बाईही घाबरून आली. आप्पांनी आधी तिची घागर बघितली. "आपल्याच दुकानची हाय," म्हणाले, आणि मग माझ्याकडं बघितलं.

लातूरच्या दातांच्या डॉक्टरनं कोपरा घासून गुळगुळीत केला आणि सांगितलं, दात असे पुढं राहिले तर पुन्हा मार बसणार. पुण्याहून दर महिन्याला एक डॉक्टर इथं येतात, ते तारा बसवून दात मागं घेतात, त्यांना दाखवा. पुण्याचं नाव ऐकून आप्पांच्या कपाळावरच्या विभूतीच्या तिन्ही रेघा वर चढल्या. परतीच्या एस.टी.त ते हिशेब मांडल्यासारखं एकच बोलत होते. "इतक्या लांबून येतो. दर महिन्याला. कशापायी येत असंल?"

तरी त्यांनी मला नेलं, कारण मी चार दिवस धड जेवले नव्हते. पुण्याच्या डॉक्टरनं फोटो काढायला लावला, मग थंडगार लगदा भरलेला पत्र्याचा चमचा तोंडात कोंबून दातांचा साचा घेतला. उलटी येते आणि येत नाही असं ते मधलंच प्रकरण असतं. आप्पा कोपऱ्यात उभे राहून हे सगळं बघत होते. मग डॉक्टरनं आरशाची दांडी उलटी धरली आणि माझ्या एकेका दातावर टकटक करत गेले. आप्पा पुढं सरकले. कान तिरपा केला.

"वाजवून बघताय?" त्यांनी विचारलं.

"हो. दात आतून ठीक आहे का, ते कळतं."

आप्पांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. मला वाटलं, सुटलो बाबा. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले की चार दात काढावे लागतील, दोन वरचे, दोन खालचे.

"किडलेत?"

"नाही, उत्तम आहेत."

"आत्ता तुमीच वाजवले. चांगले निघाले. चांगले काढणार अन् वाकडे ठेवणार?"

आमचं दुकान कशाचं ते विचारून घेऊन डॉक्टरनं समजावलं. तुमच्या फळीवर चार घागरींची जागा असेल आणि तुम्ही पाच मांडल्या तर एक पुढं येणारच. एक काढली की बाकीच्या सरळ बसतील. आप्पा म्हणाले, "मी फळी वाढवीन." डॉक्टर हसले. आप्पा हसले नाहीत, कारण ते गमतीत बोललेच नव्हते.

त्यात आमच्या समोरच्या कल्हईवाल्या चाचांनी भर घातली. "आप्पा, अच्छे दाताँ निकाल लेतें, और सेठ लोगां की कवळी में बिठातें." झालं. कवळी म्हणजे म्हाताऱ्यांचे नकली दात, ते खऱ्या माणसांच्या दातांचे करतात, हे आप्पांच्या डोक्यात पक्कं बसलं. मी रडले, आईनं समजूत घातली, शेवटी आप्पा एका अटीवर तयार झाले. काढलेले दात आम्हाला परत पाहिजेत. चारी दात काढल्यावर त्यांनी ते रुमालात बांधून आणले आणि दुकानात एका पितळी डबीत ठेवले. डबी अधूनमधून उघडून खात्री करून घ्यायचे.

मग तारा लागल्या. त्या चढवताना दुखत नाही, दुखतं ते संध्याकाळपासून. तीन दिवस भाताचा कणही चावत नव्हता. तारेचं टोक गालात घुसायचं, तिथं मेणाची गोळी लावायची. कडक भाकरी बंद, शेंगदाणे बंद, ऊस बंद. आई भाकरी दुधात कुस्करून द्यायची. दर जेवणानंतर ब्रशनं एकेक तार घासायची, आणि त्यालाही पाणी लागायचं. टँकर चार दिवसांनी. आप्पांनी माझ्यासाठी एक तांब्या वेगळा काढला आणि त्यातलं पाणी स्वतःसाठीही कधी घेतलं नाही.

चार-पाच महिन्यांत दात एका ओळीत आले. चार फटी मात्र तशाच. डॉक्टरनं आता बारीक रबरं दिली. मण्याएवढी. वरच्या हुकातून खालच्या हुकात अडकवायची, दोन्ही बाजूंना, दिवसरात्र. फक्त जेवताना काढायची. रबर ओढेल तेव्हा पुढचे दात मागं जातील आणि फटी भरतील. "हे काम माझं नाही, तुझं आहे," डॉक्टर मला म्हणाले. मी मान हलवली.

आठवडाभर लावली. मग एके दिवशी वर्गात धडा वाचताना मोठा आ झाला आणि रबर सुटलं. ते उडून बाईंच्या उघड्या पुस्तकावर पडलं. बाईंनी ते बोटानं उचलून विचारलं, "हे कुणाचं?" वर्ग खिदळत सुटला. सुट्टीत एक जण म्हणाली, किसणीला आता गोफण बसवलीय.

त्या दिवसानंतर मी रबर लावलं नाही. आप्पा रबरांची पुडी बघतील म्हणून रोज सकाळी तिच्यातून दोन रबरं काढायची मात्र. दुकान झाडायच्या निमित्तानं स्टुलावर चढायची आणि ती वरच्या फळीवरच्या बद्द घागरीत टाकायची. "लावलं का गं?" आप्पा विचारायचे. "हाव," मी म्हणायची. ते पुढं काही विचारत नव्हते. तेच तर वाईट होतं.

आप्पांचा शक डॉक्टरवर मात्र चालूच होता. त्यांनी आगपेटीतल्या काडीचा एक तुकडा फटीएवढा तोडून मापाला ठेवला होता. महिन्यातून एकदा मला दारात उजेडात उभं करून तो माझ्या फटीत घालून बघायचे. पहिल्या महिन्यात काडी गेली. दुसऱ्या महिन्यात गेली. तिसऱ्यातही तशीच गेली. "फसवून राहिलाय ह्यो," आप्पा आईला म्हणाले. "दात घेतले, अन् आता नुसतं झुलवायलाय." मी आत जाऊन बसले.

पुढच्या फेरीला आप्पा काडी खिशात घेऊन लातूरला आले. मी खुर्चीत, तोंड उघडं, डोळ्यांवर दिव्याचा झोत. आप्पांनी काडी डॉक्टरसमोर धरली. "डाक्टरसाहेब, तीन महिने झाले. काडी हाय तशी जाते. हे काय चाललंय?"

डॉक्टरनं माझे दात तपासले, हुकं बघितली. मग सरळ सांगितलं, "दोन फेऱ्या मी वाट बघितली. ही रबर लावत नाही."

"लावते."

"लावली असती तर फट इतकी राहिली नसती. हिला विचारा."

"विचारायची गरज न्हाई," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मी सगळ्या दुनियेला वाजवून घेतो. हिला न्हाई. माझी पोरगी खोटं बोलत न्हाई. तुमचं काम जमंना तर तिच्यावर ढकलू नका. काढा त्या तारा. आत्ताच्या आत्ता काढा."

डॉक्टरही पेटले. "काढतो. पण दात आहेत तिथंच राहतील. शिवाय चार फटी. जबाबदारी तुमची." आणि त्यांनी पक्कड उचलली.

पक्कड माझ्या ओठाजवळ आली. मी गप्प बसले असते तर आप्पांच्या लेखी मी कायम खरी राहिले असते. दात पुढंच, त्यात चार भोकं, आणि जन्मभर किसणी. बोलले तर दात जागेवर येणार होते, आणि आप्पा... आप्पांचं काय होणार ते मला समजत होतं. तेरा वर्षांची असले तरी समजत होतं.

मी डॉक्टरचा हात धरला. "न्हाई लावले," मी म्हणाले. तोंडात कापूस होता, शब्द नीट आला नाही. आप्पांनी विचारलं, "काय म्हणाली?" म्हणून मला ते दुसऱ्यांदा, स्वच्छ सांगावं लागलं.

मी खरेपणापोटी बोलले की दातांपोटी, याचा मला आजही भरोसा देता येत नाही. मला वाटतं, दातांपोटी.

आप्पांनी काडी खिशात ठेवली. "चालू द्या तुमचं, साहेब," एवढंच म्हणाले, आणि बाहेर जाऊन बाकड्यावर बसले. परत येताना अख्ख्या रस्त्यात ते खिडकीबाहेरची काळी पडलेली रानं बघत होते. दुकानात आल्यावर विचारलं, "कुठं टाकलीस?" मी वर बोट दाखवलं. त्यांनी घागर उतरवून उलटी केली. ढीगभर रबरं फरशीवर पडली. मला वाटलं ओरडतील, एखादी लगावतील तरी. ते केरसुणी घेऊन आले आणि रबरं झाडून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दप्तर उचललं तर आप्पा उंबऱ्यात उभे. "आ कर," म्हणाले. मी तोंड उघडलं. त्यांनी दोन्ही बाजूंची रबरं नीट बघितली आणि बाजूला झाले. संध्याकाळी पुन्हा, "आ कर." तारा निघेपर्यंत एकही दिवस चुकला नाही. वरणाचं मीठही ते आता माझ्या शब्दावर सोडत नव्हते.

फटी भरल्या. काडी जाईना झाली. तारा निघाल्या त्या दिवशी मी आरशासमोर तोंडावर हात न धरता हसले, आणि फार वेळ हसले. नंतर वर्षभर झोपताना दातांवर बसणारी प्लेट घालायची होती, नाहीतर दात परत पुढं सरकतात. ती मी एकदाही चुकवली नाही. ते आप्पांना सांगितलंही. त्यांनी प्लेट मागवून घेतली, उजेडात धरली, आणि परत दिली.

ह्या गोष्टीला कितीतरी वर्षं झाली. आप्पांचे दात गेले, तेव्हा मीच त्यांना लातूरला कवळी करायला घेऊन गेले. डॉक्टर नवी, तरुण मुलगी. तिनं चकचकीत कवळी पुढं केली. आप्पांनी ती हातात घेतली, नखानं टिचकी मारली आणि मला विचारलं, "हे दात कुणाचे हायत?"

"कुणाचेच न्हाईत, आप्पा," मी म्हणाले. "बनवलेले असतात. खोटे."

ते त्या अनोळखी पोरीकडं वळले.

"खरं सांगती का ही?"

"हो आजोबा, खरं सांगतात," ती म्हणाली.

तेव्हा कुठं त्यांनी आ केला.