हॉलिडे आणि लीव्ह

लग्नानंतर बाबा आम्हाला खंडव्यापर्यंत सोडायला आले. इंदूरच्या छोट्या रेल्वेगाडीत मला बसवून म्हणाले, "आता विचारल्याशिवाय कुठे जायचं नाही." एवढंच. रडले वगैरे नाहीत.

सुमन, तू गावातच राहिलीस. आई गेली तेव्हा ताई आली नाही, असं अजून म्हणतेस. का आले नाही ते लिहिते.

मध्य भारताचं सरकार उन्हाळ्यात इंदूरला असायचं आणि थंडीत ग्वाल्हेरला. हे कचेरीत कारकून. फायलींच्या पेट्यांबरोबर हेही जायचे, मी इंदूरलाच सासूबाईंजवळ. मी चौथी पास, इंग्रजी शून्य. एकदा ह्यांनी समजावलं, "हॉलिडे सगळ्यांना आपोआप मिळतो. लीव्ह ज्याची त्याने अर्ज करून मागायची. साहेबाने सही केली तर जायचं."

"आणि दिवाळी?"

"हॉलिडे. ती काय मागायची?"

त्याच वर्षी कचेरी ग्वाल्हेरला गेली आणि आठवड्याने बाबांचं पत्र माझ्याच हाती पडलं. आई आजारी, पाठवा. माहेर एका दिवसाच्या वाटेवर. सासूबाई खाटेवर सुपारी कातरत बसल्या होत्या. पत्र कमरेला खोचून मी चारदा त्यांच्यापुढून गेले, तोंड उघडलं नाही. दिवाळी पंधरा दिवसांवर होती. हे येतील, हॉलिडे आहेच, घेऊन जातील.

हे आले, सोबत पाहुणेही आले. चार दिवस मी चुलीपुढून उठले नाही. ह्यांना पत्र दाखवलं ते निघायच्या सकाळी. "आता सांगतेस?" म्हणाले आणि टांग्यात बसले. हॉलिडे कचेरीला होता. स्वयंपाकघराला नव्हता.

नंतर दुसरं पत्र आलं. सासूबाईंनी मला आंघोळ घातली आणि म्हणाल्या, "पहले बोलायचं ना! पाठवलं असतं. मी काय दुश्मन आहे तुझी?"

खरंच पाठवलं असतं का, माहीत नाही. मी मागितलंच नव्हतं.

आता सून बँकेत आहे. "आई, लीव्ह टाकलीय, माहेरी चालले," म्हणते. ती विचारत नाही, सांगते. मला आवडतं. माहेरचं घर तर आपल्या भावाने विकलं. हे जाऊनही बारा वर्षं झाली. घर म्हणायचं ते हेच, आणि ते माझ्याच नावावर आहे.

काल देवळात निघाले. चपला घातल्या आणि दारातच थांबले.

"काय झालं, आई?" सून म्हणाली.

"काही नाही. जाऊ का?"