बांधावरचा पटका

कामशेतच्या रेल्वेच्या गँगमननं शाळेच्या दारात येऊन सांगितलं, "मास्तर, वडिवळ्याचं आबा गेलं." माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघावा? "मेलच्या आधी की नंतर?" कुणाला मी निर्दयी वाटेन, पण गँगमनला तसं काही वाटलं नाही. तो म्हणाला, "नंतर. मेलला हात केला, घरी आलं, पटका खुंटीला टांगला, च्या मागितला... न् च्या हुस्तवर गेलं." ऐकून मला खरोखर बरं वाटलं. मेल चुकली असती तर त्यांचा जीव घुटमळत राहिला असता.

आबा म्हणजे माझे सख्खे मामा. वडिवळ्याच्या खालच्या अंगाला, रुळांना लागून त्यांचं भाताचं खाचर. मद्रासकडची मेल लोणावळा सोडला की थेट पुणं गाठते, कामशेतकडे ढुंकूनही बघत नाही. अशा या गर्विष्ठ गाडीवर मामांचा जीव. मळवलीकडून नुसता आवाज आला की आज ती वेळेवर आहे की उशीर भरून काढतेय, हे ते सांगत. तरुणपणी एकदा भातलावणी चालू असताना त्यांनी चिखलाचा हात वर केला आणि ड्रायव्हरनं आखूड शिट्टी दिली. झालं, तो नेमच पडला. ड्रायव्हर बदलले, कोळशाची इंजिनं जाऊन विजेची आली, तरी शिट्टी राहिली. जाणारा येणाऱ्याला सांगून जात असावा. लांबून दिसावं म्हणून मामांनी मेलच्या वेळेपुरता एक गुलाबी पटका ठेवला होता. मामी म्हणाल्या, लाल घ्या, उठून दिसेल. मामा म्हणाले, "लाल बगून थांबली म्हंजे? थांबल्याव मग ती मेल कसली?"

एवढं असून मामा त्या मेलमध्ये कधी बसले नव्हते. मी दर दिवाळीला म्हणायचो, चला, लोणावळ्याहून बसू. त्यांचं उत्तर ठरलेलं. "आन् बांधावर कोन? मानूस दिसला न्हाई तर त्येला वाटंल, म्हातारा गेला. पुन्यापत्तुर घोर लागंल बिचाऱ्याला." ही सबब नव्हती. त्यांना तसं मनापासून वाटायचं, आणि मेलमध्ये बसायचंही तितकंच होतं. या दोन्हींच्या कात्रीत पंधरा-वीस वर्षं गेली. शेवटी मामीच कंटाळल्या. "जावा तुमी. हितलं मी बगते."

मामा नवीन टोपी घालून लोणावळ्याला आले. पटका मामींनी धुवायचा म्हणून ठेवून घेतला होता. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात शिरून त्यांनी उजवीकडची खिडकी धरली. त्यांचा हिशेब साधा होता. बांधावर उभं राहिलं की मेल उजव्या हाताकडून येते, म्हणजे आपलं खाचर उजवीकडे. मीही मान डोलावली. गाड्यांच्या बाबतीत त्यांना शिकवणारा मी कोण? गाडीनं वेग घेतला तसे मामा दोन्ही हातांनी गज धरून हसायला लागले. शेजारी एक मद्रासी गृहस्थ होते, त्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण मामांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. मळवली गेलं. "आता बग," मामा म्हणाले. शिट्टी झाली, तीच आखूड... आणि आमच्या खिडकीबाहेर नुसता डोंगर.

"मामा, आपण उलट्या बाजूला बसलोय," मी म्हणालो. तोवर मामा बोचकी आणि लोकांचे पाय ओलांडत पलीकडच्या खिडकीत पोचलेही होते. परत आले ते हळूच टेकले. इतक्या वर्षांनी बसले आणि एवढ्यासाठी चुकलं, असं वाटलं.

"मी हुतो की रं तितं," ते म्हणाले.

"कुठं?"

"बांधावर. पटका बांदून, हात वर करून." डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते. "लांबनं लय झ्याक दिसतो मी."

परत आल्यावर मामींनी पटका खुंटीला टांगता टांगता एवढंच म्हटलं, "डायवरला काय ठावं, पटक्याखाली कोन हाय."

मागच्या महिन्यात मामांच्या तेराव्याला वडिवळ्याला गेलो. जेवणं आटोपून माणसं ओटीवर बोलत बसली होती. मळवलीकडून आवाज आला. मामी उठल्या. खुंटीवरचा पटका काढून त्यांनी पदरावरूनच डोक्याला गुंडाळला आणि शेताकडे चालू लागल्या. मी मागोमाग गेलो. म्हटलं, "मामी, आता कशाला?"

"गाडीतल्यांना कुटं ठावं हाय," त्या म्हणाल्या. "उगा घोर लागंल."

त्या बांधावर चढल्या. मी मागेच, चिंचेपाशी थांबलो. मेल आली, हात वर गेला, आखूड शिट्टी झाली. गाडी मी बघितलीच नाही. मी बांधाकडे बघत होतो. मामा म्हणाले होते ते खरं होतं, लांबून फार झ्याक दिसत होते.