दुधातला पाला

नवऱ्याला लिव्हरचा तुकडा मी दिला. त्याआधी पुण्याच्या डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं, स्कॅन काढला, कापून माझ्यापाशी किती उरेल तेही मोजलं. घरी आल्यावर दर सोमवारी शिरूरच्या लॅबमध्ये ह्यांचं रक्त द्यायचं आणि रिपोर्ट डॉक्टरांना मोबाईलवर पाठवायचा. लिव्हरचे आकडे छान उतरत होते.

एका सोमवारी ते दुपटीनं चढले. डॉक्टरांनी फोनवर पहिलंच विचारलं, "बाहेरचं काही औषध दिलंत?" मी ठामपणे नाही म्हणाले. शेजारी बसलेल्या ह्यांनी मान खाली घातली आणि मग खरं सांगितलं.

खुटबावचे मामेसासरे आठवडाभर आमच्याकडे मुक्कामाला होते. मी आंघोळीला गेले की ते काविळीचा पाला वाटून दुधातून ह्यांना पाजत होते. हेही मुकाट्यानं पीत होते! वर मामांनी मलाच सुनावलं, "सूनबाई, अख्ख्या गावाची कावीळ उतरवलीया म्या. त्या लॅबवाल्याला काय कळतंय?"

माझं डोकंच फिरलं. साडीवरूनच मी माझ्या टाक्यांवर हात ठेवला आणि म्हणाले, "मामा, ह्यांच्या पोटात लिव्हर माझं हाय. पाला पाजताना मला इचारलंत?"