न मारलेली फुली

कबूल करून टाकते. जिनं एकोणीस वर्षं चाकणच्या कारखान्यात गाड्यांच्या दारांवर हात फिरवून पोचे पकडले, त्याच बाईनं परदेशात भाड्याच्या गाडीच्या दारावरचा पोचा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला आणि तोंड मिटून घेतलं. ती बाई मी. आठ वर्षं झाली, तरी आठवलं की कानशिलं तापतात. त्या गाडीवाल्या कंपनीवर तापतात, पोरावर तापतात, आणि सगळ्यात जास्त त्या नव्या पँटीतल्या शहाणीवर, जी त्या दिवशी स्वतःला फार मोठी फॉरेनची बाई समजत होती.

चऱ्होलीहून निघाले तो दिवस आधी सांगते. आमचे मालक जाऊन दोन वर्षं झाली होती. आमच्या ज्वारीच्या वावरात बारा मजली इमारती उभ्या राहिल्या होत्या, आणि जिथं आम्ही खुरपायला बसायचो तिथं आता माणसं लिफ्टची वाट बघत उभी राहायची. नितीन, माझा एकुलता मुलगा, ऑस्ट्रेलियात नोकरीला. सुनेचे दिवस भरत आले होते. फोनवर म्हणाला, "आई, आता ये तू. कायमचीच ये." त्या एका 'कायमची'वर मी नोकरी सोडली, गॅस परत केला, तुळस शेजारणीच्या दारात नेऊन ठेवली.

कुलूप लावत होते तेवढ्यात शकुंतला आली. लाइनवर एकोणीस वर्षं माझ्या शेजारी उभी राहिलेली बाई. बीडकडची, भोसरीत एका खोलीत चौघांचा संसार. पहिली शिफ्ट संपवून कंपनीच्या बसनं थेट इकडंच, अंगावर अजून युनिफॉर्म. तिनं माझ्या हातात एक पांढरा सुती हातमोजा ठेवला. आमच्या कामाचा.

"तिकडं कशाला गं हा?" मी म्हटलं.

"असू दे बाई. तिकडंबी गाड्या असतेतच की."

मी हसले आणि मोजा बॅगेच्या तळाला, लोणच्याच्या बरण्यांखाली कोंबला. कुणाला दिसू नये म्हणून. झाली ना सुरुवात माझ्या शहाणपणाला!

आमचं काम काय होतं, ते सांगायला पाहिजे. रंग होऊन आलेलं दार ट्यूबलाइटखाली यायचं. त्याच्यावरून मोजा घातलेला तळहात फिरवायचा. चकचकीत रंग डोळ्याला फसवतो, हाताला फसवत नाही. प्रत्येक दाराबरोबर एक कागद, त्यावर दाराचं चित्र छापलेलं. जिथं दोष, तिथं लाल पेन्सिलीनं फुली. फुली पडलेलं दार पुढं जायचं नाही. बाहेर ट्रक भरायला उभा असायचा, साहेब येऊन गयावया करायचे, "काकू, एवढं चालतंय हो, कोण बघतंय?" मी म्हणायचे, "साहेब, तुमच्या घरच्या गाडीला बसवता का हे दार? बसवत असाल तर मी फुली पुसते." दार बाजूला जायचं. पोरं मला सीआयडी काकू म्हणायची. पगार फार नव्हता, पण माझ्या फुलीवर दुसऱ्या कुणाची सही लागत नव्हती.

तर अशी ही सीआयडी काकू विमानातून उतरली. आयुष्यात पहिल्यांदा पँट घातलेली, वर नवा स्वेटर. आरशात बघून मीच मला 'मॅडम' म्हणून घेतलं होतं. नितीन बसनं घ्यायला आला होता. त्याचं गाव विमानतळापासून अडीच तासांवर. घरातली एकच गाडी सुनेजवळ राहायला हवी, म्हणून आठवडाभरासाठी त्यानं भाड्याची गाडी ठरवली होती. इंटरनेटवर भाडं इतकं कमी दिसलं होतं, की आम्ही फोनवर त्यांचं कौतुक केलं होतं. कौतुक!

काउंटरवर गोड हसणारी एक गोरी मुलगी. हसत हसत एकेक काढत गेली. विमानतळावरून गाडी घेताय, त्याचा वेगळा आकार. आईपण चालवणार, दुसरी ड्रायव्हर, तिचे रोजचे वेगळे. अनामत म्हणून कार्डावर मोठी रक्कम अडकवून ठेवणार. मग विमा. नितीन म्हणाला, विमा तर भाड्यात आहे ना? आहे की! पण काही झालं तर पहिली चार आकडी रक्कम तुम्ही भरायची, त्याच्या वरचं काही असलं तर विमा भरणार. ती रक्कम खाली आणायची असेल तर रोज एवढे जास्त. ते 'एवढे' गाडीच्या भाड्यापेक्षा थोडे वरच होते. आणि तेही घेतलं, तरी टायर नाही, काच नाही, टप नाही, गाडीचं पोट नाही, कच्चा रस्ता नाही, अंधार पडल्यावर कांगारू आडवा आला तर तोही नाही. मला समजेना की मग विमा आहे कशाचा? नुसत्या हँडलचा?

हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण शहाणी काय म्हणाली? मराठीत, मान ताठ करून: "नको म्हणावं तिला. एकोणीस वर्षं गाड्याच बघितल्यात. आपण काय आपटणार आहोत का?" नितीननं 'नो' म्हटलं. मुलगी आणखी गोड हसली. त्या हसण्याचा अर्थ मला नऊ-दहा दिवसांनी कळला.

तिनं किल्ली दिली आणि एक कागद दिला. गाडी बाहेर अमक्या जागेवर आहे. बघून घ्या, काही खराबी दिसली तर चित्रावर फुली मारून कागद परत काउंटरवर आणा. काही नसेल तर निघा.

कागदावर गाडीचं चित्र. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी. मला हसूच आलं. सात समुद्र ओलांडून आले, आणि हातात काय, तर माझाच कागद!

बाहेर गाडी उभी. राखाडी. मी बॅगा ढकलत मागच्या डाव्या दाराशी आले आणि पाय थांबले. हँडलच्या खाली वीतभर, तळहाताएवढा पोचा. रंग न उडालेला, पसरट, असला पोचा साध्या माणसाला दिसत नाही. मला दिसला. हात आपोआप तिकडं गेला. तेवढ्यात नितीन म्हणाला, "आई, चल ना. काय चाचपतेस?" त्यानं इकडं तिकडं बघितलं. काउंटरपुढची रांग आता दाराबाहेर आली होती. पुन्हा रांगेत उभं राहायचं, त्या मुलीला दारापर्यंत आणायचं, हातवारे करून पोचा दाखवायचा... माझं मीच ठरवलं, की बाई, इथं हे शोभत नाही. पोराची लाज जाईल. आल्या आल्या चाकणची काकू व्हायचं नाही.

कागद कोरा गेला. वर फोटो! नितीन म्हणाला, उभी राहा गाडीपाशी, पहिला फोटो काढू. आणि ही मॅडम कमरेवर हात ठेवून उभी कुठं राहिली? मागच्या डाव्या दाराला टेकून. पोच्यावर बरोबर माझं बूड.

तो आठवडा चांगला गेला, हे कबूल करते. तिसऱ्या दिवशी नात झाली. नितीन दवाखान्यात थांबला आणि मी एकदाच, एकटीनं, गाडी काढली. दुकानातून दूध आणि मेथीदाणे आणले. सरळ गेले, सरळ आले. चाकण चौकात कांद्याच्या ट्रकांमधून गाडी काढलेली बाई मी, त्या रिकाम्या रस्त्यांचं मला काय?

गाडी परत द्यायला नितीन एकटा गेला. दोन दिवसांनी मेल आला. मागच्या डाव्या दाराला पोचा. दुरुस्ती, कागदपत्रांचा आकार, गाडी गॅरेजात उभी राहील त्या दिवसांचं भाडं. अनामतीतून सगळं परस्पर कापलं, विचारायची पद्धत नाही. वाटेत एक टोलनाका लागला होता. टोलपेक्षा टोल भरण्याचा त्यांचा आकार जास्त. तो पोचा भोसरीत माझा ओळखीचा माणूस चहा गार व्हायच्या आत काढून देतो, पोच्याचा मागमूस राहत नाही. इथं त्याच्यात नव्या बाळाच्या पाळण्याचे आणि गादीचे पैसे गेले.

पैसे गेले, त्याचं मी सोसलं असतं. पण त्या संध्याकाळी नितीन माझ्यासमोर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "आई, खरं सांग. दूध आणायला गेलीस तेव्हा दुकानाच्या पार्किंगमध्ये कुठं लागली का? मी रागावणार नाही."

रागावणार नाही! मी म्हटलं, "पोचा आधीपासून होता. मी बघितला होता."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

तुझी लाज जाईल म्हणून, हे त्याला सांगवत नव्हतं. तो म्हणाला, "हे लोक असं खोटं नाही गं लावत कुणाला." आणि उठून गेला. मी मोबाइलमधला तो पहिला फोटो उघडून बघितला. फोटोत मी होते, दात काढून हसत होते, आणि दार माझ्यामागे झाकलेलं होतं. चाकणला माझ्या एका शब्दावर ट्रक थांबायचा. इथं माझ्या पोटचा पोर माझा शब्द बाजूला ठेवून गेला, आणि फुली माझ्यावर पडली.

शकुंतलेला फोन केला. तिनं ऐकून घेतलं आणि तडकली. "हितं तू साहेबाच्या तोंडावर फुली मारायचीस. तिथं काय झालतं? हात मोडले व्हते का?"

"पोराला लाज वाटली असती गं."

"वाटू द्यायची व्हती," ती म्हणाली, आणि दुसऱ्या शिफ्टची बस आली म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर त्या विषयावर घरात कुणी बोललं नाही. आठ वर्षं. नितीन वाईट नाही. माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन त्यानं करवलं, औषधं वेळेवर आणतो. पण मी काही सांगितलं, की तो आधी एकदा मोबाइलमध्ये तपासून बघतो. डाळीत मीठ किती, इथपर्यंत. मी बघते आणि गप्प बसते. गप्प बसायची सवय मीच लावून घेतली ना, पहिल्याच दिवशी, त्या पार्किंगमध्ये.

तिकडून जे इकडं यायला निघाला आहात, त्यांनी माझं ऐका. गाडी हातात घेताना सगळ्या बाजूंनी मोबाइल फिरवा, बोलत बोलत फिरवा, तारीख आणि वेळ तोंडानं सांगा. विम्याचं कलम न् कलम विचारा, काय नाही ते आधी विचारा. मागे रांग असली तर असू द्या. आणि जे तिकडंच राहिलात, चऱ्होलीत, भोसरीत, चाकणला, त्यांना एवढंच सांगते की मला घराची आठवण येते म्हणजे मला भिंती आठवत नाहीत. घर विकलं तरी मला फार वाटणार नाही. मला शेडचा तो कोपरा आठवतो, ट्यूबलाइटखालचा, जिथं मी म्हणायचे 'नाही' आणि ते 'नाही'च असायचं. माणूस घर सोडून जातं म्हणजे बॅगा भरून जात नाही. आपलं 'नाही' मागं ठेवून जातं, तेव्हा घर सुटतं.

गेल्या महिन्यात आमची गाडी दुरुस्तीला गेली आणि चार दिवसांसाठी पुन्हा भाड्याची घ्यावी लागली. तसंच काउंटर, तसाच हसरा माणूस, तोच कागद. ह्या वेळी मी नऊवारी नेसून गेले होते. मुद्दाम. बाहेर आल्यावर पिशवीतून शकुंतलेचा मोजा काढला. आठ वर्षं न वापरलेला, घड्या पडलेला. नात ओरडली, "आजी, मॅजिक करणार?" म्हटलं, "व्हय, करणार. बघ आता." गाडीभोवती फिरले. वाकले, गुडघे कुरकुरले तरी वाकले. चार फुल्या मारल्या. नितीन बाजूला उभा राहून बघत होता. मी कागद घेतला आणि रांगेत जाऊन उभी राहिले. माझ्यापुढं पाच जण होते. ते वळून माझ्या मोज्याकडं बघत होते. बघू देत.

थोड्या वेळानं नितीन आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. मी त्याच्याकडं बघितलं नाही. रांग एक माणूस पुढं सरकली. मग तो समोर बघतच बोलला:

"आई, तेव्हा तो पोचा मलापण दिसला होता. पण तुला घेऊन परत रांगेत उभं राहायची मला लाज वाटली."