भाऊबीजेचं प्लास्टर

आमच्या घराला प्लास्टर नाही, आणि ते राहून गेलेलं नाही.

हे वाक्य मी आता न अडखळता म्हणतो. घर नवं होतं तेव्हा मात्र ते माझ्या तोंडून निघत नसे. वास्तविक दारव्ह्याला माझं कृषी केंद्र आहे, दिवसभर बोलणं हाच माझा धंदा. सोयाबीनच्या बियाण्यावर मी तासभर बोलू शकतो. स्वतःच्या घराविषयी विचारलं की गाडी अडायची.

घर आखलं माझ्या मुलीनं, कल्याणीनं. आर्किटेक्ट झाल्यावर तिचं पहिलं काम म्हणजे आमचंच घर. (पहिलं गिऱ्हाईक घरातलं असलं की बोंब बाहेर जात नाही!) तिनं भट्टीवर उभं राहून विटा निवडल्या, एकेक ठोकून पाहिली. बाहेरून प्लास्टर नाही, रंग नाही. नुसत्या लाल विटा आणि हात फिरवावासा वाटेल असे भरलेले सांधे. पश्चिमेला विटांचीच जाळी, ऊन अडावं आणि वारा आत यावा म्हणून. मला ते घर मनापासून आवडलं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची माझी करणी वाचून तुम्हाला शंका येईल.

अडचण होती ती येणाऱ्या-जाणाऱ्यांची. जो येई तो घराभोवती एक चक्कर मारी, विटांवर बोट ठोकी आणि विचारी, "प्लास्टर कधी?" सुरुवातीला मी समजावत असे. ही वीट अशीच ठेवायची असते, हीच आजकालची पद्धत आहे, वगैरे. पाहुणा मान डोलवी, चहा घेई आणि चपला घालता घालता म्हणे, "ते सारं बराबर हाय भाऊ, पन प्लास्टर कधी?" शेजारी वेल्डिंगचं दुकान असलेले रफिकभाई तर शटर उघडताना रोज हाक मारत, "भाऊ, घर तो एक नंबर बना है! पर इसको कपडे कब पहनाओगे?"

शेवटी कंटाळून मी एक छोटं उत्तर शोधून काढलं. "दिवाळीत करू."

काय सांगू, सगळे गार! चक्कर बंद, बोट ठोकणं बंद, चहासुद्धा अर्धाच लागू लागला. आणि यात खोटं तरी काय होतं? कोणत्या दिवाळीत ते मी कुठं सांगितलं होतं? हेच उत्तर मी महागावच्या वसंतभाऊंनाही फोनवर दिलं. वसंतभाऊ म्हणजे माझी बायको सुनंदा हिचे थोरले भाऊ. शेतकरी माणूस, आवाज ट्रॅक्टरवरून बोलल्यासारखा आणि बहिणीवर जीव.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या सकाळी कल्याणी यवतमाळला गेली ती एका डॉक्टर जोडप्याला आणायला. त्यांना घर बांधायचं होतं. फोटो आवडले होते, पण प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय हो म्हणायला ते तयार नव्हते. घराबाहेरचं हे तिचं पहिलं काम ठरणार होतं. पोरगी रात्रभर झोपली नव्हती, हे मला तिच्या आईनं सांगितलं.

जाताना ती म्हणाली, "बाबा, तुम्ही फक्त अंगण झाडून ठेवा. बाकी कशाला हात लावू नका."

"नाही लावत," मी म्हणालो.

नऊच्या सुमाराला दारात ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीत रेती, सिमेंटच्या गोण्या, चाळणी, घमेली आणि त्या सगळ्यावर बसलेले चार मिस्त्री. पुढून नवं धोतर नेसलेले वसंतभाऊ उतरले.

"जवाईबापू! यंदा बहिणीले साडी नाई. यंदा ओवाळणीत प्लास्टर!"

मला वाटलं, थट्टा करताहेत. तेवढ्यात मिस्त्र्यांनी रेती उतरवायला घेतली.

"वसंतभाऊ, पण... आज सणाचं?"

"म्हनून तं! कापूस येचनं सोडून आलो. तुम्ही म्हनले होते ना दिवाळीत करू? लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला, तुमची काई हालचाल नाई. म्या म्हनलं, मानूस अडचनीत असन, सांगून नाई राह्यला. बहिणीचं घर उघडं असल्यावर मले घास गोड लागन काय?"

मी सुनंदाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी. भावाची ओवाळणी नाकारायची म्हणजे माहेर तोडायचं, आणि स्वीकारायची म्हणजे पोरीचं घर पुरायचं. ती मला आत ओढत म्हणाली, "तुम्हीच केलं हे, तुम्हीच निस्तरा!"

मी निस्तरायला लागलो. आधी म्हणालो, आज मुहूर्त नाही. वसंतभाऊ म्हणाले, भाऊबीजेपरीस मोठा मुहूर्त कोनता? मग म्हणालो, नळाला पाणी नाही. रफिकभाईंनी आनंदानं आपला पाइप भिंतीवरून आमच्याकडे टाकला. ("आखिर कपडे आ ही गए, भाऊ!") मग मी मिस्त्र्यांना तर्रीपोहे खायला बसवलं. वाटलं होतं, तासभर तरी जाईल. त्यांनी पाच मिनिटांत ताटल्या पुसल्या आणि माल कालवायला घेतला. एक साधं वाक्य बोललो असतो तर सगळं थांबलं असतं. पण चौघांना दुसऱ्यांदा पोहे वाढणं मला त्याहून सोपं वाटलं.

माल तयार झाला. भिंतीवर पाणी मारून झालं. वसंतभाऊंनी थापी माझ्या हातात दिली. "पयला हात घरधन्याचा. मारा, जवाईबापू!"

आता कुणीही शहाणा माणूस थापी खाली ठेवेल. मी मारली! दर्शनी भिंतीवर, दाराच्या शेजारी, चांगला परातीएवढा थर. मिस्त्र्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच वेळी फाटकाशी मोटार थांबली आणि कल्याणी डॉक्टर नवरा-बायकोला घेऊन आत आली.

"हे आमचे बाबा," ती म्हणाली आणि पुढचं विसरली.

डॉक्टरांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या थापीकडे पाहिलं. "म्हणजे, तुम्ही लोक स्वतःच कंटाळलात वाटतं या विटांना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी थापी पाठीमागे लपवली. कल्याणीचा चेहरा पाहवेना. पण पोरगी आईवर गेलेली. ती सरळ मामाच्या पाया पडली.

"मामा, ओवाळणी आम्ही घेतली. पण हे घर असंच ठेवायचं हाय. कायमचं. कायले, ते सांगत नाई. तुम्ही फक्त आत येऊन जाळीपाशी जराक टेका. नाई पटलं, तर मी स्वतः माल कालवते."

"अवं पोरी, माल सुकून राह्यला ना!"

"जराक, मामा."

वसंतभाऊ कुरकुरत आत गेले. बाहेर ऊन चटचट लागत होतं, त्यात वीज गेलेली. ते जाळीखालच्या ओट्यावर टेकले, गळ्यातला दुपट्टा काढला, "वारा तं चांगला हाय बुवा," म्हणाले आणि आडवे झाले. डॉक्टर मंडळी खोल्या पाहून येईपर्यंत मामा घोरत होते. पंखा नाही, कूलर नाही, आणि असं घोरणं की बाईसाहेब तिथंच थबकल्या. नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "मला अशी भिंत हवी."

राहिला माल. तो काही मामांच्या उठण्याची वाट पाहत थांबणार नव्हता. सुनंदानं मिस्त्र्यांना शेजारी पाठवलं आणि रफिकभाईंच्या मागच्या उघड्या भिंतीला दुपारपर्यंत प्लास्टर झालं. रफिकभाईंच्या बायकोनं मामांना 'भाईजान' म्हणून जेवायला बोलावलं. मामा दोन बहिणींची ओवाळणी एका ट्रॉलीत उरकून खुशीत परत गेले.

माझा थर मात्र निघाला नाही. मी खरवडायला गेलो तर विटेचा टवकाच हातात आला. कल्याणीनं थापी काढून घेतली.

चार दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. काम कल्याणीलाच द्यायचं ठरलं होतं, सगळं तिच्या मनासारखं. त्यांची फक्त एक अट होती: बांधकाम चालू असेपर्यंत तुमच्या वडिलांनी तिकडे फिरकू नये.

मी म्हणालो, "त्यांना समजाव जरा."

कल्याणी म्हणाली, "बाबा, ती अट मीच घातली."