मागचं सगळ्यात मोठं चक्र

सायकलला पुढे एकच चक्र ठेवायचं हे मी ठरवलं ते दादाच्या डाव्या अंगठ्यामुळे. त्याची जुनी सायकल सरळ हँडलची, गिअरची होती. पुढे तीन चक्रं, मागे सात. पुढची चक्रं बदलायची कळ डाव्या हाताशी असते, आणि ती दाबण्याइतकं बळ त्याच्या अंगठ्यात उरलं नव्हतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं. स्नायू हळूहळू वाळत जाणार, सुरुवात डावीकडून झाली आहे, औषध नाही, हेही सांगितलं होतं. वहिनी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. दादा म्हणाला, "उठा आता, मला दुपारून ऑफिस आहे."

आम्ही तिघं हैदराबादेत, नल्लकुंट्यात राहायचो. दादा सरकारी कचेरीत होता, मी एका कॉलेजात फिजिक्सची प्रयोगशाळा सांभाळायचे. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून काम करणारा पहिला माणूस आमचा बाप आणि दुसरा दादा, त्यामुळे त्या खुर्चीला आमच्याकडे भलतंच महत्त्व. कचेरी हिमायतनगरच्या पलीकडे. बसने गेलं तर थांब्यापासून चालावं लागे, आणि चालताना त्याचा डावा पाय ओढला जाई. भर रस्त्यात तो पडला होता. सायकलवर मात्र वजन सीटवर जातं. उजवा पाय पायडल फिरवतो, आणि पट्ट्याने बांधलेला डावा त्याच्यामागून फिरून येतो. चालताना पडणारा माणूस सायकलवर सरळ जातो, हे सांगून कुणाला पटत नाही. मलाही पटलं नसतं, पण मी रोज सकाळी गच्चीवरून बघत होते.

अडचण एकच होती, नारायणगुड्याचा पूल. त्या चढावर त्याचा जोर संपायचा. पैसा दवाखान्यात जात होता, म्हणून नव्या सायकलीचं नाव काढायची सोय नव्हती. जे करायचं ते जुन्याच सायकलवर आणि स्वस्तात. मी रात्रंदिवस तेच वाचू लागले. त्यातली मेख साधी आहे. पुढचं चक्र जितकं लहान आणि मागचं जितकं मोठं, तितकं पायडल हलकं. पण तितकीच सायकल हळू. मागचं सगळ्यात मोठं चक्र म्हणजे पहिला गिअर. फुकट काहीच मिळत नाही, हे मी पोरांना प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं सांगत आले होते.

सुलतान बाजाराच्या मागच्या गल्लीत सुट्ट्या भागांचं एक दुकान होतं. मी दुकानदाराला म्हटलं, पुढचं मधलं चक्र तेवढं ठेवणार, बाकीची दोन काढणार, आणि मागे चौतीस दात्यांचं मोठं चक्र असलेला संच हवा.

"तीन के तीन गिअर अच्छे हैं ना बाजी, कायकू निकालरे?" तो म्हणाला. "लोगां लगाने कू आते, आप निकालने कू आए."

"जिसकी सायकल है उसकू एकइच होना," मी म्हटलं. जास्त सांगितलं नाही. दया दाखवणाऱ्या माणसाशी भाव करता येत नाही.

संच मिळाला, आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. चेन उचलून या चक्रावरून त्या चक्रावर टाकणारा मागचा जो हात असतो, तो जुना आखूड निघाला. चौतीस दात्यांपर्यंत पोचेचना. पुन्हा दुकान, लांब हात. मग पुढच्या एकट्या चक्रावरून चेन घसरायला लागली. तेव्हा काढून टाकलेल्या मोठ्या चक्राचे दाते मी कानशीने घासून सपाट केले आणि ते बाहेरून कुंपणासारखं बसवलं. दादा स्टुलावर बसून बघत होता. "नाचता येईना अंगण वाकडं. तुझं झालं की सांग, मी तोवर रिटायर होऊन येतो," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी परतला तेव्हा घामाघूम होता, पण हसत होता.

"पूल चढलास?"

"हौ. तिसऱ्यावर चढलो. तुझा तो थाळीएवढा पहिला गिअर लागलाच नाही."

मला इतका आनंद झाला की मी वहिनीला मिठीच मारली. त्यानंतर रोज संध्याकाळी हाच प्रश्न आणि हेच उत्तर. कधी तिसरा, कधी चौथा. वर्ष सरता सरता मात्र त्यानेच विचारलं, आणखी हलकं करता येईल का. मी पुढे आणखी लहान चक्र बसवलं. त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं. करता येईल, पण मग तू इतका सावकाश जाशील की सायकल उभीच राहणार नाही, तोल जाईल.

"म्हणजे संपलं," तो म्हणाला.

"गिअर संपले," मी म्हटलं, आणि चिडून पाना पेटीत टाकला.

त्याच दिवसांत राज्याची वाटणी चालली होती. कचेऱ्या, गाड्या, टेबलं, माणसं, सगळं दोन राज्यांत विभागायचं. ज्याचं शालेय शिक्षण ज्या भागात, तो त्या भागाचा, असा ढोबळ हिशेब होता. दादा हैदराबादेत जन्मला, पण शिकला नांदेडला. आमचा बाप वसतिगृहात राहून शिकला होता आणि त्याच जोरावर वर आला होता. वसतिगृहाशिवाय माणूस घडत नाही अशी त्याची पक्की समजूत. शिवाय पोराला मराठी नीट यावं. म्हणून दादाला लहानपणीच तिकडे ठेवलं. मी मुलगी, म्हणून इथेच राहिले. आजोबांच्या काळी नांदेड आणि हैदराबाद एकाच राज्यात होतं, पण ते आता कुणाला सांगायचं? दादा या राज्याचाही नाही आणि त्या राज्याचाही नाही ठरला. अशा लोकांना उरलेल्या जागांवर टाकायचं ठरलं, आणि उरलेल्या जागा तिकडे, समुद्राच्या बाजूला होत्या.

गंभीर आजार असेल तर इथे राहता येईल, अशी एक वाट होती. वहिनी त्याच्या मागे लागली. "अहो, नुसतं खरं ते सांगा. तिथं तुम्हाला धरून चालवायला कोण आहे? माझ्या एकटीच्यानं होणार नाही."

दादा बरेच दिवस ऐकेना. "आपल्याला खुर्ची फुकट मिळाली असं आधीच बोलतात," तो मला म्हणाला. "आता पाय गेला म्हणून सवलत मागू? बापाला काय वाटलं असतं?"

"बाप असता तर त्याने तुला खांद्यावर बसवून नेलं असतं, नक्को ते बोलू नको," मी म्हटलं. शेवटी तो तयार झाला.

अर्जाच्या तपासणीच्या दिवशी मी म्हटलं, ऑटोने जाऊ. तो म्हणाला, ऑटोतून उतरून फाटकापासून आतपर्यंत चालणार कोण, तू? सायकल थेट दारापर्यंत जाते. ते खरंच होतं. मी आणि वहिनी ऑटोने मागून गेलो. पोचलो तेव्हा तो व्हरांड्यात खांबाला धरून उभा होता, पट्टा सोडवताना पँटला तेल लागलेलं, आणि फाटकावरचा शिपाई दुसऱ्याला सांगत होता, "सायकल चलाते हुए आया साब, और बोलरा चलने कू नई होता!" दोघं हसले. आतून एक साहेब दारात आले, सायकलकडे बघितलं, दादाकडे बघितलं आणि परत आत गेले.

आत दादाने कागद दाखवले, पाय दाखवला. मी सीटचं, वजनाचं, उजव्या पायाचं सगळं सांगितलं, जसं पोरांना सांगते तसं. साहेब सभ्य होते. त्यांनी एवढंच विचारलं, "रोज सायकलने येता ना?" दादा म्हणाला, "हो." दुसरं काय म्हणणार? चालता येत नाही म्हणून तो सायकलवर बसत होता, आणि सायकलवर बसतो म्हणून त्याला चालता येतं असं ठरलं. वहिनी बाहेर येऊन म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण." मला मात्र तेव्हा नुसता राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही. पश्चात्ताप नाही होत. ती सायकल नसती तर तो वर्षभर आधीच घरात बसला असता.

त्याला तिकडचा हुकूम आला. सामान पुढे गेलं, सायकल रेल्वेच्या पार्सलने पाठवायची होती. गोणपाटात बांधण्यापूर्वी एकदा धुवून घ्यावी म्हणून मी मागचं चाक काढलं. रॉकेलने घासल्यावर संच लख्ख दिसू लागला. सगळ्यात मोठ्या चक्राचे दाते झिजून टोकदार झाले होते. बाकीची सहा चक्रं कोरी होती. चौथ्या चक्रावर तर दुकानातला काळा रंगसुद्धा तसाच होता, चेनचा ओरखडाही नाही.

आतून दादाने विचारलं, "काय गं, फार झिजलंय का?"

"नाही," मी म्हटलं. "सारखंच झिजलंय सगळं."

मी ओट्यावर बसून रडले, मग फडक्याने सातही चक्रं पुसली, तेल दिलं आणि चाक बसवलं.

तिकडे दादा-वहिनीला वरच्या मजल्यावर घर मिळालं. वहिनी मला निरनिराळ्या वेळी फोन करून सांगायची. आता शेजारचे दोघे जण दादाला खुर्चीसकट खाली आणतात. ऑफिसची जीप येते, कधी येत नाही. सायकल खाली जिन्यात आहे, अजून गोणपाटातच आहे.

रविवारी दादाचा फोन यायचा. जीभही जड झाली होती, शब्द समजून घ्यावे लागायचे.

"इकडे सगळं सपाट आहे," तो म्हणाला. "चढच नाही. चौथ्यावर जातो मी."

"चेनला तेल घालत जा," मी म्हटलं. "मग पाचवाही लागेल."

"हौ," तो म्हणाला. "उद्या घालतो."