मीना उतारावर थांबली ती थांबलीच

मंडळी, सकाळी कुसगावहून परतलोय, पण मन अजून थाऱ्यावर नाही.

पावसाळ्यात अशाच उतारावर सायकलवरून घसरून खांदा मोडल्यावर माझी बायको मीना आज पहिल्यांदाच डोंगरात सायकल घेऊन आली. रात्रभर अवकाळी पाऊस, वर थंडी, वाटेवर नुसता चिखल. चढ तिने छान काढला. उताराच्या तोंडाशी मात्र ब्रेक घट्ट धरून थांबली.

गुरं घेऊन चाललेले एक आबा म्हणाले, "पोरी, बस हितं जरा."

ती बसली. मग मला म्हणाली, "माझी सायकल कुणाला तरी देऊन टाक. आता नाही जमणार मला."

सायकली ढकलत आम्ही चालतच खाली आलो.

तुमच्यापैकी कुणाची अशी भीती गेली आहे का? नुसता धीर द्यायला नको, खरं सांगा.